परसातल्या कोंबड्या आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. भुईमूग आणि रताळ्यापासून शेकडो पदार्थ करणारा, कापसाने नापीक झालेल्या जमिनीला पुन्हा जीव देणारा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. हाच माणूस अनेक वर्षे एका संस्थेच्या कोंबड्याही सांभाळत होता, आणि गरीब कुटुंबांनी कोंबड्या पाळाव्यात यासाठी त्यांनी एक पुस्तिकाही काढली होती. ही बाजू फारशी सांगितली जात नाही. परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्याला किंवा पाळू पाहणाऱ्याला त्यांच्या आयुष्यातला हा भाग भुईमुगाइतकाच उपयोगाचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

जॉर्जचा जन्म 1864 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात डायमंड या गावाजवळ झाला. आई मेरी ही मोझेस आणि सुझन कार्व्हर या शेतकरी जोडप्याकडे गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना दरोडेखोरांनी आई आणि मूल दोघांना पळवले. मूल परत मिळाले, आई मिळाली नाही. थोरला भाऊ जिम अंगाने धट्टाकट्टा असल्यामुळे तो शेतावर राबायचा. जॉर्ज मात्र सतत आजारी, छातीने अशक्त. म्हणून तो सुझनबाईंच्या हाताखाली घरातच राहिला आणि स्वयंपाक, धुणे, शिवणकाम, भाजीपाल्याचे वाफे हे सगळे शिकला. पुढे शास्त्रज्ञ झाल्यावरही त्यांच्या प्रत्येक सल्ल्यात चूल आणि परसबाग का येत राहिली, याचे उत्तर इथे आहे. शेती म्हणजे फक्त बांधाच्या आतली जमीन, असे त्यांनी कधी मानले नाही.

शिक्षणासाठीची वणवण तुम्हाला माहीत असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बारा वर्षांच्या आसपास असताना घर सोडून निओशो गावी शाळेत गेले. मग कॅन्सस राज्यात गावोगावी कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिकले. 1885 मध्ये हायलँड येथील कॉलेजने आधी प्रवेश दिला आणि रंग पाहून दारातून परत पाठवले. 1890 मध्ये आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात ते चित्रकला शिकू लागले. तिथल्या शिक्षिका एट्टा बड यांनी त्यांचा झाडांचा नाद ओळखून त्यांना एम्सच्या कृषी महाविद्यालयात पाठवले. 1894 मध्ये पदवी, 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी. विशेष अभ्यास बुरशीशास्त्राचा, म्हणजे पिकांवर येणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा. बुरशीचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो कोंबड्यांच्या खाद्यात पुन्हा येणार आहे.

टस्कीगीला आल्यावर काय दिसले

1896 च्या ऑक्टोबरात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामा राज्यातल्या टस्कीगी संस्थेत आले. मेकन परगण्यातले बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी वाटेकरी होते. जमीन मालकाची, बियाणे मालकाच्या उधारीचे, वर्षभराचे धान्यही दुकानातून उधारीवर. पीक आले की हिशेब, आणि हिशेबात बहुधा बाकीच निघायची. मालकाला रोख देणारे पीक हवे असायचे, म्हणून कापूस अगदी झोपडीच्या दारापर्यंत लावलेला. भाजीला जागा नाही, जनावराला चारा नाही.

जेवण काय, तर मक्याचे पीठ, खारवलेल्या डुकराची चरबी आणि मळी. वर्षाचे बाराही महिने हेच. पोट भरायचे, पण अंगाला काही लागायचे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा हा रोग पसरला तो याच जेवणामुळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे, जुलाब, मग भ्रमिष्टपणा आणि शेवटी मृत्यू असा त्याचा क्रम. बराच काळ तो संसर्गजन्य मानला गेला. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरांनी 1914 पासून मिसिसिपी राज्यातल्या अनाथालयांत मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये वाढवली, आणि रोग थांबला. नेमका कमी पडणारा घटक नायसिन आहे, हे कळायला 1937 उजाडले.

इथे थोडे थांबून अंड्याचे गणित समजून घ्या. अंड्यात नायसिन फारसे नसते. पण अंड्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते आणि आपले शरीर त्यापासून नायसिन तयार करते. साधारण 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे 1 मिलिग्रॅम. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि जे नायसिन असते ते शरीराला सहज मिळत नाही. म्हणून मका खाणाऱ्या घरात दिवसाआड एक अंडे आले तरी फरक पडतो. हे फक्त अमेरिकेचे नाही. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा असल्याचे दाखवले होते. ज्वारी वाईट नाही. तिच्याबरोबर डाळ, दूध किंवा अंडे काहीच नसणे वाईट.

कार्व्हर टस्कीगीला आले तेव्हा जीवनसत्त्व हा शब्दही जन्मला नव्हता. त्यांनी निरीक्षणावरून ठरवले की या घरांना आधी प्रथिने आणि हिरवा पाला हवा, आणि दोन्ही विकत न घेता मिळायला हवे. पहिला उपाय चवळी. चवळी जमिनीत नत्र धरते, माणूस खातो, वेल जनावर खाते. त्यावर त्यांनी 1903 मध्ये पुस्तिका काढली. नंतर रताळी, मग भुईमूग. त्यांच्या प्रयोग केंद्राची पहिली पुस्तिका 1898 ची, तिचा विषय ओक झाडाची जंगलात पडून वाया जाणारी फळे जनावरांना खाऊ घालणे हा होता. विद्यापीठातून आलेला तरुण शास्त्रज्ञ पहिलेच प्रकाशन फुकट मिळणाऱ्या खाद्यावर काढतो, यातच त्यांचे धोरण दिसते. प्रयोग केंद्राला राज्याकडून वर्षाला 1500 डॉलर मिळत. तेवढ्यात महागड्या खतांचे आणि यंत्रांचे प्रयोग होणे शक्यच नव्हते, आणि ज्यांच्यासाठी हे प्रयोग होते त्यांना ते परवडलेही नसते.

कोंबड्यांचे दुखणे

आता पुस्तकांत सहसा न येणारा भाग.

वॉशिंग्टन यांनी कार्व्हरांवर कामांचा डोंगर टाकला होता. वर्गात शिकवणे, प्रयोग केंद्र चालवणे, संस्थेची शेती, आवारातली झाडे, जनावरांची औषधे, आणि त्यातच संस्थेचा कुक्कुटपालन विभाग. वॉशिंग्टन काटेकोर प्रशासक होते. त्यांना दररोज हिशेब हवा असे. किती पिल्ले निघाली, किती मेली, किती अंडी स्वयंपाकघरात गेली. कार्व्हरांना माती, वनस्पती, बुरशी यांत रस. अहवाल आणि माणसे हाताळणे हा त्यांचा पिंड नव्हता.

1904 मध्ये प्रकरण चिघळले. कुक्कुट विभागाच्या अहवालात लिहिलेले आकडे आणि प्रत्यक्ष खुराड्यातल्या कोंबड्या यांचा मेळ बसेना. चौकशी समिती नेमली गेली आणि अहवाल फुगवलेले असल्याचा ठपका आला. कार्व्हरांना हे फार लागले. आपल्याला खोटारडे ठरवले गेले असे त्यांना वाटले आणि राजीनाम्याची भाषा झाली. सहकारी जॉर्ज ब्रिजफोर्थ यांच्याशी त्यांचे बिनसले ते पुढची कित्येक वर्षे. 1910 मध्ये कृषी विभाग ब्रिजफोर्थ यांच्याकडे गेला आणि कार्व्हरांकडे संशोधनाचा वेगळा विभाग आला. कोंबड्यांची कटकट मात्र त्यानंतरही त्यांच्यामागे राहिली.

थोर माणसाची ही बाजू झाकून ठेवावी असे मला वाटत नाही. कार्व्हरांना कोंबड्यांचे शास्त्र कळत नव्हते असे नाही. पण कोंबडी हे रोजच्या नजरेचे जनावर आहे. सकाळी खुराडे उघडताना कोण मलूल आहे, कोणाची विष्ठा पातळ आहे, रात्री कोण आत आले नाही, हे ज्याला रोज दिसते त्याच्याच कोंबड्या टिकतात. शेकडो पक्षी एका जागी, देखरेख विद्यार्थ्यांच्या पाळीवर आणि जबाबदार माणूस व्याख्यानासाठी परगावी, अशा ठिकाणी मर होणारच. उलट दहा कोंबड्या आणि घरातली एक बाई, हा मेळ बहुतेकदा जमतो. गावात एखाद्या योजनेतून पन्नास-शंभर पक्ष्यांचा घाट घातला जातो आणि सहा महिन्यांत शेड रिकामी दिसते, तेव्हा मला टस्कीगीची चौकशी आठवते.

पुस्तिका आणि गाडी

ज्या कोंबड्यांनी एवढा मनस्ताप दिला त्यांच्यावरच कार्व्हरांनी 1912 मध्ये मेकन परगण्यातल्या कुक्कुटपालनाची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या पुस्तिकांची पद्धत तुम्हाला आवडेल. शेतकऱ्याला कसे पिकवायचे ते, शिक्षकाला वर्गात सांगण्यापुरते शास्त्र आणि घरच्या बाईला कसे शिजवायचे ते, असे तिघांनाही एकाच पुस्तिकेत काहीतरी द्यायचे. भाषा साधी, वस्तू घरातल्या. 1898 पासून त्यांच्या हयातीत अशा चाळीसहून अधिक पुस्तिका निघाल्या. टोमॅटो, चवळी, आलुबुखार, गरम हवेत मांस खारवून टिकवणे, परसबाग असे विषय. 1942 मध्ये, युद्धाच्या टंचाईत, त्यांनी रानभाज्यांवर पुस्तिका काढली. आपल्याकडे टाकळा आणि कुर्डू खाणाऱ्यांना त्यात काही नवल वाटायचे नाही.

पण पुस्तिका वाचणार कोण? वाटेकऱ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. संस्थेत शेतकरी मेळावा 1892 पासून भरत होता, कार्व्हरांनी दर महिन्याला शेतकऱ्यांची बैठक सुरू केली आणि 1904 मध्ये हिवाळ्यात छोटा अभ्यासक्रमही. तरी जो सर्वांत गरीब, तो संस्थेपर्यंत येतच नसे. एक दिवसाची मजुरी बुडवणे त्याला परवडत नव्हते.

म्हणून 1906 मध्ये गाडीच त्याच्या दारी गेली. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या सावकाराने पैसे दिले, आराखडा कार्व्हरांनी केला आणि घोडागाडीवर नांगर, बियाणे, ताक घुसळायचे यंत्र, साय काढायचे यंत्र असे साहित्य रचले गेले. पहिल्या उन्हाळ्यातच महिन्याला दोन हजारांहून अधिक लोकांपर्यंत ती पोहोचत होती. गंमत अशी की ही गाडी सुरुवातीला हाकली ती याच ब्रिजफोर्थ यांनी. त्याच वर्षाच्या शेवटी थॉमस कॅम्पबेल यांच्याकडे ती गेली, आणि ते अमेरिकी कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी ठरले. पुढे घोडे जाऊन मोटार आली. 1923 मध्ये शेतकऱ्यांच्याच वर्गणीतून नवी मोटार घेतली गेली. तिच्यात शेतीच्या माणसाबरोबर गृहविज्ञान शिकवणारी बाई आणि परिचारिका असत. शेती, स्वयंपाक आणि आरोग्य एकाच गाडीतून एकाच अंगणात उतरत होते. आज आपल्याकडे कृषी सहायक वेगळा, अंगणवाडी ताई वेगळ्या, पशुधन पर्यवेक्षक वेगळे, आणि तिघे एका दिवशी एका घरी आले असे क्वचितच घडते.

वाटेकऱ्याच्या दृष्टीने कोंबडीचे मोल वेगळेच होते. कापूस मालकाच्या डोळ्यांसमोर, त्याची तारणगहाण झालेली. अंगणात चरणाऱ्या चार कोंबड्यांची अंडी मात्र बाईच्या हातातली. मीठ, साबण, दोरा त्यावर यायचा. आणि इथेच पोषणाची गोम आहे. अंडे विकले की दुकानातली वस्तू येते, पण मूल अंड्यावाचून राहते. तुमच्या घरातही हेच होत असेल. गावरान अंड्याला बाजारात भाव चांगला, म्हणून सगळी टोपली बाजारात जाते आणि घरात पोरांना चहा-बिस्किट.

तेव्हा आधी घरचे गणित मांडा. दोन मुले आणि एक गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई घरात आहे असे धरा. तिघांना आठवड्याला प्रत्येकी चार अंडी म्हटली तर आठवड्याची 12, वर्षाची सव्वासहाशेच्या आसपास. साधी गावरान कोंबडी वर्षाला 50 ते 60 अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने. अंडी घालते, खुडूक होते, पिल्ले काढते, त्यांना घेऊन फिरते. म्हणजे फक्त घरच्या खाण्यासाठीच 11-12 गावरान कोंबड्या लागतील, आणि उबवणीची अंडी वेगळी. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित पक्ष्यांपासून वर्षाला 120 ते 150 अंडी धरली तर पाच-सहा पुरतात, मात्र त्या बहुधा खुडूक होत नाहीत. त्यामुळे चार सुधारित अंड्यासाठी आणि दोन गावरान उबवणीसाठी, अशी जोडणी परसात चांगली चालते. सुधारित पक्ष्याची अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवली तरी पिल्ले निघतात, पण त्यांच्यात आईबापांचे गुण पूर्ण उतरत नाहीत. हिशेब विक्रीपासून सुरू करू नका. घरची अंडी बाजूला काढा, उरलेली विका.

मर मुख्यतः दोन कारणांनी होते. पहिल्या महिन्यात घार, मुंगूस, मांजर आणि थंडी. यासाठी पिल्ले तीन-चार आठवडे डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा आणि तांदळाच्या कण्या, ज्वारीचा भरडा तिथेच द्या. दुसरे कारण राणीखेत, ज्याला काही भागांत मानमोडी म्हणतात. एकदा आली की आळीच्या आळी रिकामी होते. पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने आणि आठव्या आठवड्यात आरटूबी लस टोचून द्यावी. लसीची एक बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि फोडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकट्याने आणू नका, वाडीतल्या आठ-दहा घरांनी एकच सकाळ ठरवावी. लस गावापर्यंत बर्फातच यायला हवी, नाहीतर टोचून उपयोग नाही.

भुईमूग, बुरशी आणि शेवटची वर्षे

1915 मध्ये वॉशिंग्टन वारले. कार्व्हरांच्या डोक्यावरचा प्रशासनाचा आणि कोंबड्यांचा भार हळूहळू उतरला. याच सुमारास बोंडातल्या सोंडकिड्याने अलाबामाचा कापूस खाल्ला होता आणि शेतकरी भुईमुगाकडे वळत होते. 1916 ची भुईमुगाची पुस्तिका, त्यातल्या शंभरावर पाककृती, 1921 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे भुईमुगाच्या बाजूने दिलेली साक्ष, यांनी त्यांचे नाव देशभर झाले. पीनट बटर त्यांनी शोधले असे आपल्याकडे अजून सांगितले जाते, ते खरे नाही. ते आधीपासून होते. गांधीजींशी त्यांचा आहाराविषयी पत्रव्यवहार झाला होता, तोही याच कीर्तीच्या काळातला.

पगारवाढ त्यांनी घेतली नाही. धनादेश टेबलाच्या खणात पडून राहायचे. साठलेले पैसे त्यांनी संशोधनाच्या निधीला देऊन टाकले. 5 जानेवारी 1943 रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले, आणि ज्यांनी कोंबड्यांच्या हिशेबावरून त्यांना इतके छळले त्या वॉशिंग्टन यांच्याच शेजारी त्यांना पुरले.

त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, 1960 मध्ये, इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवर बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. बुरशीशास्त्राच्या या माणसाच्या लाडक्या पिकातले हे विष त्याच्या हयातीत कोणालाच माहीत नव्हते.

तुम्हाला मात्र ते माहीत असायला हवे, कारण शेंगदाणा पेंड हे परसातल्या कोंबड्यांचे स्वस्त प्रथिन आहे. पेंड घेताना मोडून पाहा, वास घ्या. कुबट वास, हिरवट-पिवळी बुरी किंवा ओलसर गुठळ्या दिसल्या तर ती कोंबड्यांना किंवा बदकांना घालू नका. पिल्लांना आणि बदकांना हे विष लवकर बाधते. भाजून किंवा उन्हात वाळवून विष जात नाही. पावसाळ्यात महिन्याभराची पेंड एकदम आणू नका. आठवड्यापुरती आणा आणि पोते जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. शेंगा फोडताना निवडून बाजूला काढलेले किडके, काळपट, सुरकुतलेले दाणे अनेक घरांत कोंबड्यांपुढे टाकले जातात. नेमके त्याच दाण्यांत हे विष सर्वांत जास्त असते. ते खड्ड्यात पुरा.